राजवाड्यांची शंभरी : नाशिकने चौकाला नाव द्यावं की माळ्यावरचे कागद वाचवावेत?

गोदाकाठकर
येत्या ३१ डिसेंबरला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जाऊन शंभर वर्षं होतील. आमच्या मित्रमंडळात परवा विषय निघाला की नाशिकनेही काहीतरी करायला पाहिजे, आणि पाच मिनिटांत गाडी चौकाला नाव, अर्धपुतळा आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं इथपर्यंत गेली. मला हे अजिबात पटलं नाही. ज्या माणसाने गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उपसली, वाण्याच्या पुडीत जाणारे कागद वाचवले, १८९८ ला पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड छापला आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड मागे ठेवले, त्याला पुतळा घेऊन काय करायचंय?

इकडे आपल्या जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पडतायत. आत्याचा भद्रकालीतला वाडा पाडला तेव्हा मी तिथे होतो. लाकूड मोजून विकलं, पितळी कड्यासुद्धा काढून घेतल्या, आणि लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे दोन रुमाल किलोवर रद्दीत. मला कळेपर्यंत टेम्पो गेला होता. एक सुटा कागद पायरीवर पडलेला, तो उचलून उघडला तर घडीतून बारीक वाळू हातावर आली, शाई सुकवायला टाकलेली. ती कोणी टाकली असेल, काय लिहून टाकली असेल, आता कोण सांगणार.

म्हणून म्हणतो, तीन रविवार घ्या, एक हॉल, एक स्कॅनर आणि मोडी येणारी दोन माणसं. ज्याचे कागद त्याच्याकडेच राहतील, आपण फक्त फोटो काढायचे.

सिडको_जुना_प्लॉट
दादा, तळमळ समजली पण मी चौकाच्या बाजूने. माझ्या पोराला विचारलं राजवाडे कोण, तर म्हणे 'राजवाडा म्हणजे पॅलेस ना?' चौकात नाव असलं की रिक्षावाल्याच्या तोंडी बसतं, बसवर येतं, एखादं पोरगं तरी विचारतं हा माणूस कोण. तुमच्या हॉलमध्ये तेच वीस जण येणार, आठ जण झब्बा घातलेले आणि बाकी त्यांचे नातेवाईक.

आणि हो, आम्ही सिडकोवाले, आमचे आजोबा खेड्यातून कामाला आले. आमच्या घरचा जुना कागद म्हणजे सातबारा आणि तोही भावकीच्या भांडणातला. माळ्यावर रुमाल असणारी घरं मोजकीच, मग हा सन्मान नक्की कोणाचा, राजवाड्यांचा की वाडेवाल्यांचा?

गोदाकाठकर
सातबाराच आणा! खरंच सांगतोय. जमिनीचे, कर्जाचे, भावकीच्या तंट्याचे कागद हाच तर इतिहास. तहनामे काय, सगळ्या पुस्तकात सापडतात.

खरं_बोलू_का
मला मूळ मुद्द्यावरच आक्षेप आहे. राजवाडे मोठे संग्राहक, मान्य. पण चातुर्वर्ण्याचं कौतुक करणारी त्यांची मतं कोणी वाचलीयत का? चांद्रसेनीय कायस्थ प्रभू या जातीबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांना १९१८ ला 'कोदंडाचा टणत्कार' लिहून उत्तर द्यावं लागलं. शंभरीच्या भाषणात यातलं एक अक्षर कोणी काढणार नाही, नुसता 'इतिहासाचार्य' 'इतिहासाचार्य' जप चालेल. असा गौरव करायचा असेल तर मी नाही येत, चौकातही नाही आणि हॉलमध्येही नाही.

गोदाकाठकर
हे बोललात ते बरं केलंत, मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. पण एक बघा. खंडांच्या प्रस्तावनेत त्यांनी जे सिद्धांत मांडले ते त्यांचे, त्यातले कितीतरी आज टिकत नाहीत. त्याच खंडात खाली जी पत्रं छापली ती मात्र सगळ्यांची झाली. त्यांचं म्हणणं खोडायला त्यांचेच खंड उघडावे लागतात, असा माणूस दुसरा दाखवा. त्या हॉलमध्ये पहिलं भाषण तुम्हीच करा, टणत्कारावर.

खरं_बोलू_का
भाषणाला बोलवून गप्प करायची नाशिकची जुनी पद्धत आहे ही 😄 बघू.

धुळेकर
थांबा भो, आधी आमचा हिशोब. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढणाऱ्यांत राजवाडे, मग त्याच मंडळाशी बिनसलं, शेवटी आले कुठे तर धुळ्याला. गेलेही इथेच. १९२७ ला लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांचे कागद सांभाळले. एवढी वर्षं नाशिककरांना आठवण नव्हती, आता शंभरी म्हटल्यावर हार घेऊन निघाले. दीडशे किलोमीटर तर आहे, बस करून या, त्यांचे कागद बघा, मग ठरवा चौक का हॉल ते. आणि पुतळ्याचे पैसे उरले तर आमच्याकडे पाठवा, कपाटं जुनी झालीयत.

पंचवटीतला_एक
मी वेगळंच बोलतो. आमचं तीर्थोपाध्यायांचं घर. पिढ्यानपिढ्याच्या चोपड्या आहेत, कोणत्या गावचा कोण यजमान कधी आला, बरोबर कोण होतं, कोणासाठी श्राद्ध केलं, त्याच्या हातची सही. दरवर्षी कोणीतरी येतं, इतिहासासाठी म्हणून फोटो मागतं. आम्ही देत नाही आणि देणारही नाही. एक तर आमचं पोट त्यावर आहे. दुसरं म्हणजे त्यात लोकांच्या घरची माहिती आहे, त्यांनी ती विश्वासाने लिहिली. उद्या कोणीतरी फोटो घेऊन कोर्टात वारस म्हणून उभा राहिला तर तुम्ही येणार का? सगळे कागद सगळ्यांसाठी नसतात.

सिडको_जुना_प्लॉट
बघा! हेच म्हणत होतो. ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत आणि जे द्यायला तयार त्यांच्याकडे नाही. करा चौक.

गोदाकाठकर
पंचवटीवाले दादा, तुमचं बरोबर आहे, यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पानांपुरतं तरी बोलता येईल का, एवढंच विचारेन. ते पण तुमच्या ओसरीवर बसून.

गढीजवळ
सगळे कागद कागद करताय. नाशिकचा इतिहास मातीत आहे राव. १९०६ ला जोगळटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी निघाली, क्षत्रप राजा नहपानाची, त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. कोण जिंकलं ते नाण्यावरच लिहिलंय. आणि ज्या जुन्या गढीवर १९५०-५१ ला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं, ती दर पावसाळ्यात ढासळतेय, वरच्या घरांना नोटिसा येतात, पाऊस गेला की सगळे विसरतात. सिंहस्थासाठी गावभर खोदाई चालू आहे, मातीतून काय निघतंय ते बघायला कोणी उभं आहे का तिथे? शंभरी घाला खड्ड्यात, शब्दशः.

मोडी_शिकतेय
गोदाकाठकर, तो पायरीवरचा कागद अजून आहे का? फोटो टाका. मी दोन वर्षं मोडी शिकतेय, आधी आडवी रेघ पूर्ण ओढून मग अक्षरं लटकवलेली, शब्दात जागा नाही, त्यामुळे वेळ लागेल पण प्रयत्न करते.

गोदाकाठकर
टाकलाय. घडीवर फाटलाय जरा.

मोडी_शिकतेय
वाचला बऱ्यापैकी. फार काही नाहीये, सॉरी. शके १७९०. लग्नाच्या सामानाची यादी दिसते. तूप, गूळ, पत्रावळी, आणि खाली 'वाजंत्रीवाले यांस देणे बाकी'. रक्कम फाटलेल्या भागात गेलीय.

सिडको_जुना_प्लॉट
म्हणजे १८६८ ला पण बँडवाल्याचे पैसे बुडवले होते तुमच्या आत्याकडच्यांनी 😂 तूप किती होतं?