झेडपीतली ११ वर्षं आर. आर. आबांना पुढे नेमकी कुठे उपयोगी पडली?

लॉचा विद्यार्थी
कॉलेजच्या चर्चासत्रात आर. आर. पाटील यांच्यावर बोलायचंय. टिपणं काढलीत ती अशी: जन्म १९५७, अंजनी, ता. तासगाव. सांगलीत ‘कमवा आणि शिका’ करत शिक्षण, पुढे वकिलीची पदवी. १९७९ ते १९९० सावळजमधून झेडपी (जिल्हा परिषद) सदस्य. १९९० पासून २०१५ मध्ये जाईपर्यंत आमदार, सलग सहा वेळा. ग्रामविकास, गृह, उपमुख्यमंत्रिपद.

आता अडचण अशी, की जो लेख उघडावा तो झेडपीची ११ वर्षं एका ओळीत उरकतो आणि डान्सबार बंदीवर उडी मारतो. ती ११ वर्षं म्हणजे निव्वळ पायरी होती, की तिथं शिकलेलं काही पुढे दिसतं? कुणी जवळून पाहिलंय का?

शहरी मतदार
पायरीच हो. भुजबळ १९७३ ला मुंबईत नगरसेवक, १९८५ ला महापौर आणि त्याच वर्षी आमदार. फडणवीस १९९२ ला नागपूरचे नगरसेवक, १९९७ ला महापौर, १९९९ ला आमदार. तिकीट मागायला काहीतरी हातात लागतं, एवढाच अर्थ.

निवृत्त ग्रामसेवक
शहराचं मला ठाऊक नाही. मी ३० वर्षं ग्रामसेवक होतो, सांगलीत नाही, शेजारच्या जिल्ह्यात. आबांशी ओळख नव्हती, पण त्यांच्या एका योजनेनं माझी कंबर मोडली, त्यामुळं बोलायचा हक्क आहे.

झेडपी सदस्याचं काम काय असतं ते आधी ऐक. त्याच्याकडं पैसा नसतो. सेस फंडातून, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, वाट्याला येतो तो एवढासा, आणि गटातली, म्हणजे त्याच्या मतदारसंघातली, गावं सगळी दाराशी. एकाला शाळाखोली, एकाला टँकर, एकाचा मास्तर बदलून पाहिजे. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, म्हणतो तरतूद नाही. मग शहाणा सदस्य काय करतो? दोन गावांत ईर्ष्या लावून देतो. त्यांनी श्रमदानातून रस्ता केला, तुम्ही नुसते पारावर बसा. काम होतं आणि पैसा लागत नाही.

१९९९ ला आबा ग्रामविकास मंत्री झाले आणि २०००-०१ ला संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आलं. त्यात काय होतं? अनुदान नव्हतंच. आधी गावानं झाडायचं, गटारं काढायची, संडास बांधायचे, मग तपासणी समिती येणार आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसं. हीच ती ईर्ष्या, फक्त सबंध महाराष्ट्राला लावलेली. मुंबईत बसून योजना लिहिणाऱ्यानं आधी संडासाचं अनुदान काढलं असतं आणि त्या संडासात आम्ही सरपण भरलं असतं. (भरलंही होतं, आधीच्या योजनेत.)

आमचं गाव पहिल्या वर्षी पडलं. महिनाभर पहाटे हातात खराटे, म्हाताऱ्या बायका चावडीला गेरू देत होत्या, पाण्याच्या टाकीत टीसीएल (जंतुनाशक पावडर) मी स्वतः टाकली. समिती आली, सगळं बघून खूश. निघता निघता एका बाईंनी विचारलं, शाळेतल्या मुलींचं स्वच्छतागृह दाखवा. त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडं, शिपाई आठवडी बाजारात. त्या बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं. गावानं मला चार दिवस चहा दिला नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून ते कुलूप निघालं ते निघालंच, आणि हे कुठल्या जीआरनं झालं नसतं.

तंटामुक्तीची मोहीम २००७ ची, तेव्हा ते गृहमंत्री होते. पोलिसांचं खातं हातात असताना माणूस गावकीची समिती काढतो, बांधाचं भांडण कोर्टात जायच्या आत पारावर मिटवा म्हणतो. हे झेडपीचंच डोकं.

आणि त्याच डोक्यानं घातही केला. २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर हिंदीत बोलताना ‘मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात’ अशा अर्थाचं जे वाक्य निघून गेलं, ते गावात धीर द्यायला माणूस बोलतो त्या जातीचं होतं. ‘एवढं काही झालं नाही’ हे पारावर चालतं, एवढी माणसं गेल्यावर नाही चालत. राजीनामा द्यावा लागला, बरोबरच होतं. चर्चासत्रात हे झाकू नकोस.

माजी पंचायत समिती सदस्या
काकांचं पटलं, पण एक भर. ती ११ वर्षं सलग मिळाली कशी, तेही बघा. १९७९ नंतर झेडपीच्या निवडणुका थेट १९९२ ला झाल्या. निवडणूकच नाही, म्हणून बाविशीच्या आसपास निवडून आलेला मुलगा तिशी ओलांडेपर्यंत सदस्य राहिला. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षं, वर एक दिवस नाही.

शिवाय आता आरक्षण फिरतं. मी महिला आरक्षणातूनच निवडून आले, त्याबद्दल तक्रार नाही. आरक्षण नसतं तर मला कुणी अर्जही भरू दिला नसता. पण कामकाज कळायला दोन वर्षं गेली, आणि पुढच्या सोडतीत माझा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, दुसऱ्या प्रवर्गाला गेला. सासरे म्हणाले, झालं की हौस फिटली. शिकलेलं घेऊन घरी बसले.

आणि मार्च २०२२ ला बहुतेक झेडप्यांची मुदत संपली, तर पुढची कितीतरी वर्षं प्रशासक. तेव्हा निवडणूक लांबली तर सदस्य राहिले, आता लांबली तर साहेब राहिले. त्या काळात बाविशीत असलेल्या पोरांनी कुठं शिकायचं होतं?

लॉचा विद्यार्थी
१९७९ ते १९९२ हे माझ्या टिपणांत अजिबात नव्हतं. ताई, धन्यवाद, आता सुरुवात तिथूनच करतो. काका, मी स्वतः अजून एकाही ग्रामसभेला गेलेलो नाही. लाज वाटली वाचताना.

निवृत्त ग्रामसेवक
लाज कशाला, तुझ्या वयात आम्हीही वडापाव मिळतो का एवढंच बघायला जायचो. २६ जानेवारीला जा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हण. ग्रामसेवक म्हणेल, सगळ्यांना माहितीय, पुढचा विषय घ्या. मीही हेच म्हणायचो. तू खाली बसू नको.