जॉन्सन १८ अश्वशक्ती, १९५७: किट बदलूनही इंजिन मंद गतीला टिकत नाही

तळेकाठ (मिनेसोटा)

नमस्कार. मला येथे १९५७ सालचे जॉन्सन सी-हॉर्स, मॉडेल एफडी-११, हे दोन सिलिंडरचे आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे) इंजिन मिळाले आहे. कार्बोरेटर खोलून रात्रभर क्लीनरमध्ये ठेवला, बाजारात मिळणाऱ्या किटमधील गॅस्केट, फ्लोटची सुई, तिची सीट आणि पॅकिंगच्या चकत्या नव्या बसवल्या, आणि जास्त गतीची सुई एक फेरा व मंद गतीची दीड फेरा उघडी ठेवली. कॉर्कचा जुना फ्लोट (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) चांगला दिसला म्हणून तोच ठेवला आहे.

चोक ओढला, म्हणजे हवा कमी केली, की इंजिन सुरू होते आणि थ्रॉटल उघडल्यावर बऱ्यापैकी चालते. परंतु थ्रॉटल कमी करताच दोन-तीन वेळा शिंकल्यासारखा आवाज करून बंद पडते. मंद गतीची सुई कितीही फिरवली तरी काहीच फरक पडत नाही. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे आहे. इंधन म्हणजे पंपावरचे साधे पेट्रोल, त्यात ५०:१ प्रमाणात तेल. दुसरा वापरलेला कार्बोरेटर विकत घ्यावा काय?

जुनी_यंत्रे (ठाणे)

दुसरा कार्बोरेटर घेऊ नका. तोही तितकाच जुना असेल आणि त्याच जागी तुंबलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सुई फिरवून फरक पडत नाही, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या मार्गाने पेट्रोल येतच नसेल, तर सुई कमी-जास्त कशाला करणार? शिंकेसारखा आवाज हे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे लक्षण आहे, आणि चोक ओढल्यावर इंजिन चालते, त्यावरूनही तेच दिसते.

मंद गतीचे पेट्रोल मुख्य नोझलमधून येत नाही. ते एका अरुंद वाटेने वर चढून थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेजवळ असलेल्या बारीक छिद्रांतून कार्बोरेटरच्या घशात, म्हणजे हवेच्या मुख्य वाटेत, उतरते. पाकळी मिटलेली असताना एखादेच छिद्र काम करते आणि ती उघडू लागली की शेजारची छिद्रे एकामागून एक सामील होतात. या छिद्रांच्या वरच्या बाजूस एक लहान पोकळी असून ती धातूच्या गोल चकतीने कायमची बंद केलेली असते. वाळलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर नेमका तेथे साचतो. किटच्या पाकिटात ही चकती बहुधा नसते, त्यामुळे तिला कोणी हात लावत नाही, आणि नुसते भिजत ठेवून तो थर दर वेळी सुटतोच असे नाही.

आधी खात्री करून घ्या. मंद गतीची सुई पूर्ण काढून त्या भोकात क्लीनरच्या फवाऱ्याची नळी दाबून धरा. घशातील प्रत्येक छिद्रातून धार बाहेर आली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण वाट बंद असेल तर फवारा उलटा तोंडावर येतो. धार आली नाही, तर चकतीच्या मध्यभागी अगदी उथळ भोक पाडून टोच्याने ती उचकटा. ड्रिल खोल गेले तर खालचे अ‍ॅल्युमिनियम आणि ती छिद्रे, दोन्ही कामातून जातील. छिद्रे साफ करायला विजेच्या वायरची एकच बारीक तार वापरा, ड्रिलची सुई कदापि नको. नवी चकती फुगीर बाजू वर ठेवून सपाट पंचने हलकेच ठोकून चपटी करा आणि कडेने नखांना लावायचे पॉलिश फिरवा. ते वाळले की पेट्रोलला दाद देत नाही.

पुन्हा खोलणारच आहात, तर मुख्य नोझलच्या बुंध्याभोवती बसणारे छोटे गोल गॅस्केट आहे ना, ते पाहा. जुने गॅस्केट कार्बोरेटरच्या शरीराला चिकटून राहिल्यामुळे तेथे काही बसवायचे असते हेच लक्षात येत नाही, आणि ते गळत असेल तर मंद गतीचे मिश्रण कधीच स्थिर होत नाही.

पॉइंट_आणि_कॉइल (पुणे)

वरील निदानाशी मी सहमत आहे, पण चकती उचकटण्यापूर्वी घटकाभर काढून इंजिन मंद गतीलाही दोन्ही सिलिंडरवर चालते की नाही, हे तपासावे असे मला वाटते. त्या काळच्या कॉइलचे आवरण तडकते आणि ठिणगी दुबळी होते. फ्लायव्हील काढून पॉइंटमधील (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधील) फट ०.०२० इंच आहे का, तेही पाहावे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण इंजिनात नेणारा भाग) यांमधील गॅस्केट हवा घेत असेल, तरी अगदी असाच त्रास होतो.

५०:१ मात्र ताबडतोब बंद करा. या इंजिनासाठी २४:१ हेच प्रमाण आहे, म्हणजे सहा अमेरिकन गॅलनला एक क्वार्ट (पाव गॅलन). ५०:१ हे प्रमाण नंतरच्या इंजिनांचे आहे. तेल आधुनिक आणि उत्तम असले तरी जुन्या बुशिंगला ते कमी पडते. प्रमाण बदलल्यावर सुया नव्याने जुळवाव्या लागतील, कारण तेल वाढले की त्याच घोटात पेट्रोल थोडे कमी येते.

दर्याकाठ (मालवण)

फ्लोटविषयी कोणीच बोलले नाही. जुन्या कॉर्कवर लाखेचा लेप असतो, आणि लाख विरघळते ती अल्कोहोलमध्येच. आपले सुतार फ्रेंच पॉलिश तसेच तर करतात. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये तुमच्याकडे १० टक्के इथेनॉल असते, आमच्याकडे आता २० टक्के. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो आणि कार्बोरेटर भरून वाहू लागतो. फ्लोट पूर्ण वाळवून त्यावर सुपरग्लूचा पातळ थर द्यावा. बसवताना कार्बोरेटरचे शरीर उलटे धरल्यावर फ्लोट कडेशी समतल दिसला पाहिजे.

इथेनॉल हवेतील ओल धरते. पाणी पुरेसे जमले की ते अल्कोहोलसह टाकीच्या तळाशी बसते आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला तेलाविना पाणी मिळते. मिनेसोटात जुन्या गाड्या आणि बोटींसाठी इथेनॉलविरहित प्रीमियम पेट्रोल विकायला परवानगी आहे. आम्हाला किनाऱ्यावर ती सोय नाही, तुम्हाला आहे, तर ती वापरा.

तळेकाठ (मिनेसोटा)

सर्वांचे आभार. फवारा मारून पाहिला. एकाच छिद्रातून थेंब आले, बाकीची कोरडी होती. चकती मागवली आहे. दोन शंका उरल्या आहेत. सुया शेवटी कशा जुळवाव्यात? आणि दोन नळ्यांची जुनी दाबाची टाकी ठेवावी की पंप बसवावा?

जुनी_यंत्रे (ठाणे)

इंजिन पाण्याच्या पिंपात चालवून सुया जुळत नाहीत. बोट पाण्यात उतरवून, गिअर टाकून, पूर्ण थ्रॉटलला आधी जास्त गतीची सुई जुळवा. मग गती कमी करून मंद गतीची सुई एकेक अष्टमांश फेरा आत न्या आणि प्रत्येक वेळी पंधरा सेकंद थांबा. इंजिन शिंकले की सुई पाव फेऱ्यापर्यंत बाहेर घ्या. सुया शेवटपर्यंत आवळून बसवू नका, टोकावर कडे उमटते आणि मग ती सुई कधीच नीट जुळत नाही. पॅकिंगची नट इतपतच आवळा की सुई हाताने फिरेल, पण कंपनाने सरकणार नाही.

टाकी ठेवायची असेल तर दोन्ही नळ्या नव्या घ्या, कारण त्यातील एकीतून क्रँककेसमधील (सिलिंडरखालच्या बंद पोकळीतील) दाबाची हवा टाकीत जाते आणि तडकलेल्या नळीतून पेट्रोल गरम इंजिनावर उडू शकते. नळी काढण्यापूर्वी झाकण सैल करून दाब सोडावा. पंप बसवायचा असेल तर तो सिलिंडरच्या बाजूच्या झाकणावर बसतो आणि टाकीकडे जाणारी हवेची वाट पक्की बंद करावी लागते. माझे मत विचाराल तर हा हंगाम टाकीवरच काढा. कार्बोरेटर नीट जुळला आहे याची खात्री होण्याआधी इंधनाचा दुसरा भाग बदलला, तर पुढची शिंक कोणामुळे आली हे ओळखता येणार नाही.