दीर्घिकासमूहाच्या 'भिंगा'तून कंस का दिसतात?

प्रश्न (शिक्षिका, दारव्हा तालुका)
जेम्स वेब दुर्बिणीचे जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले दीर्घिकासमूहाचे (आपल्या आकाशगंगेसारख्या अनेक दीर्घिकांच्या जथ्याचे) छायाचित्र मी आठवीच्या मुलांना दाखवले आणि समूहाच्या वस्तुमानामुळे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश भिंगातून वळावा तसा वळतो, असे सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले की, भिंगातून मुंगी मोठी दिसली तरी मुंगीच दिसते, मग या दीर्घिकांचे विळे कसे झाले? मला उत्तर देता आले नाही.

उत्तर (वरोरा)
ताई, मुलीने नेमके बोट ठेवले आहे. 'भिंग' हा शब्दच थोडा फसवा आहे. साध्या भिंगात मधोमध जाणारा किरण सरळ जातो आणि कडेकडे वळण वाढत जाते, म्हणून सारे किरण एका बिंदूत येतात. वस्तुमानाजवळ याच्या उलट घडते. सूर्याला चाटून येणारा किरण १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळतो, हे आइनस्टाइन यांचे भाकीत १९१९ च्या खग्रास ग्रहणात पडताळले गेले. दुप्पट अंतरावरून जाणारा किरण मात्र निम्माच वळतो. असे किरण एका बिंदूत मिळत नाहीत, त्यामुळे प्रतिमा केंद्राभोवती ताणली जाते आणि सारे अगदी एका रेषेत आले, तर पूर्ण गोल कडे दिसते. असेच काहीसे पाहायचे असेल, तर काचेच्या ग्लासाच्या जाड बुडातून मेणबत्तीकडे पाहा.

उत्तर (आर्वी)
वरील उत्तरात एक भर घालतो. निम्म्याचा हिशेब समूहाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण त्याचे वस्तुमान, ज्यात बहुतांश न दिसणारे कृष्णद्रव्य असते, दूरवर पसरलेले असते. शिवाय काच रंग फोडते; गुरुत्वाकर्षण सर्व रंगांना सारखेच वळवते. तिमिंगल तारकासमूहातील अबेल ३७० या दीर्घिकासमूहातला मोठा कंस समूहापेक्षा कितीतरी दूरच्या दीर्घिकेचा आहे, हे १९८० च्या दशकात वर्णपटावरूनच कळले.

शिक्षिका
काल भारनियमनात ग्लासाचा प्रयोग केला. ज्योत मधोमध धरली की कडे, जराशी सरकवली की समोरासमोर दोन विळे. आता मुलगी विचारते, त्यातला खरा कोणता?

उत्तर (आर्वी)
दोन्ही त्याच ज्योतीचे. आकाशात मात्र वाटा कमीअधिक लांबीच्या असल्यामुळे प्रतिमा वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. एका समूहामागे स्फोट पावलेला 'रेफ्सडाल' हा अतिनवतारा २०१४ मध्ये चार ठिकाणी दिसला आणि शास्त्रज्ञांनी आधीच सांगितल्याप्रमाणे डिसेंबर २०१५ मध्ये पाचव्या ठिकाणी उगवला.