सत्काराच्या पत्रकातला ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

सध्या नाशिकला आईकडे, पंचवटीत आहे. गणेशोत्सवातल्या गुणगौरवाचं पत्रक इथेच वाचलं. ‘सॅटमध्ये १५०० च्या वर गुण मिळवणाऱ्या मुलांच्या बुद्धिमत्तेचा सत्कार’ या ओळीतल्या एका शब्दाला माझी हरकत आहे. सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाची परीक्षा.

आईकडे वरच्या खोलीत सुरगाण्याची एक मुलगी भाड्याने राहते. घरी कोकणा बोली, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता एमएचटी-सीईटीची, म्हणजे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची, तयारी. त्यात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीतून देता येतं, गणित मात्र इंग्रजीतूनच. दीड तासात ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. काल मी एक प्रश्न मराठीत वाचून दाखवला, तिने कागद न घेता उत्तर सांगितलं. पुढचा तसाच प्रश्न तिने स्वतः इंग्रजीत वाचला. दोनदा वाचून अर्थ लागेपर्यंत वेळ संपला होता. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये दोन वर्षं रोज हेच करणाऱ्या मुलांशेजारी तिचा पर्सेंटाइल लागणार. त्या आकड्याला तिची बुद्धी कसं म्हणायचं?

सॅट पहिल्यांदा झाली १९२६ मध्ये. ती तयार करणाऱ्या कार्ल ब्रिघमने १९२३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या चाचण्यांवरून वंशावंशांची बुद्धी तोलली होती. १९३० मध्ये ते निष्कर्ष त्याने स्वतःच मागे घेतले. पुढे परीक्षेच्या नावातला ‘ॲप्टिट्यूड’ (अंगची क्षमता) हा शब्दही गेला. परीक्षा घेणाऱ्यांनी सोडलेला दावा आपण का छापायचा?

*

ताई,

पत्र मन लावून वाचलं, पण पटलं नाही. मी सिन्नरचा. वडील विडी कारखान्यात होते. बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंगला लागलो, कोणाचा मुलगा हे कोणी विचारलं नाही. इथे अमेरिकेत प्रवेश अर्जाचे निबंध लिहून घेणारे सल्लागार पैसे मोजून मिळतात, उन्हाळी शिबिरंही पैसेवाल्यांचीच. एमआयटी या इथल्या नामवंत तंत्रज्ञान विद्यापीठाने कोविडमध्ये सॅटची अट काढली आणि मार्च २०२२ मध्ये परत आणली. गुणांशिवाय साध्या शाळांतली हुशार मुलं ओळखता येत नाहीत, हे त्यांचं एक कारण होतं. परीक्षेवर अविश्वास दाखवला की आधी गरिबाचं पोर बाहेर राहतं. ओळ आहे तशीच असू द्या.

*

काका,

परीक्षा काढा, असं मी म्हटलंच नाही. एमआयटीचं दुसरं कारणही वाचा: तिथलं गणित झेपेल इतकी तयारी झाली आहे का, ते गुणांवरून कळतं. तयारी! हा शब्द मला मान्य आहे. तुमच्या गुणांमागे तुमचे कष्ट होते, त्यांचा मान राहिलाच पाहिजे. पण तुमच्या वर्गात जे मागे राहिले, ते सगळे मंद होते का? मागच्या वर्षी सत्कार न झालेला एक मुलगा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. तो शब्द त्यानेही वाचला होता. ‘अभ्यासातील यशाबद्दल’ एवढंच लिहूया.

*

ताई,

वर्गातल्या मागे राहिलेल्यांचं विचारलंस, तेव्हा माझा बाकावरचा सोबती आठवला. गणितं मला तोच शिकवायचा. बारावीच्या वर्षी वडील गेले, त्याने शेती धरली.

ओळ बदलली आहे, पत्रक उद्या छापायला जाईल. सुरगाण्याच्या त्या मुलीला विचार, इंग्रजीतली गणितं वाचायचा सराव फोनवर करेल का. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमच्याकडे सकाळचे सात. मी रोज मोकळा असतो.