‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’ म्हणजे नेमका कोण लागतो?

हे नाव ऐकून एखाद्याला भांडण होऊन नात्यातून काढून टाकलेला भाऊ डोळ्यांसमोर आला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण इथल्या ‘रिमूव्हड’चा काढण्या-घालण्याशी काही संबंध नाही. दोघांमध्ये एका पिढीचं अंतर आहे, एवढंच तो शब्द सांगतो.

हिशोब करायचा तर आधी दोघांचा सर्वांत जवळचा समाईक पूर्वज शोधायचा. आजी-आजोबा एकच असतील तर फर्स्ट कझिन, पणजी-पणजोबा एकच असतील तर सेकंड, खापरपणजोबांपाशी गाठ पडत असेल तर थर्ड. दोघं एकाच पिढीतले असले की काम संपलं. नसतील, तर जो त्या पूर्वजाला जवळचा, त्याच्या बाजूने फर्स्ट-सेकंड ठरवायचं आणि जितक्या पिढ्यांचा फरक तितके ‘रिमूव्हड’ पुढे जोडायचे. तुमच्या आतेभावाची मुलगी घ्या. तुमचे आजी-आजोबा ते तिचे पणजी-पणजोबा. तुम्ही जवळचे म्हणून फर्स्ट, फरक एका पिढीचा म्हणून वन्स रिमूव्हड. तिला ‘सेकंड कझिन’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही कमी नाहीत. सेकंड कझिन हे तुमच्या मुलांचं आणि तिचं नातं.

डीएनए चाचणीचे अहवाल वाचताना हा फरक उपयोगी पडतो. फर्स्ट कझिनांचा डीएनए सरासरी १२.५ टक्के समान असतो, एक ‘रिमूव्हड’ लागला की त्याच्या निम्मा, आणि सेकंड कझिनांत ३ टक्क्यांच्या जरासा वर.

एकाच जोडप्यात दोन नाती असू शकतात. राणी एलिझाबेथ दुसरी आणि प्रिन्स फिलिप यांचं १९४७ मध्ये लग्न झालं. दोघंही व्हिक्टोरिया राणीची खापरपणतवंडं, म्हणून थर्ड कझिन. पण डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन हा फिलिपचा पणजोबा आणि एलिझाबेथचा खापरपणजोबा, म्हणून त्या बाजूने सेकंड कझिन वन्स रिमूव्हड. गणित अगदी चोख आहे.

मात्र या चोख गणितात एक मोठं भोक आहे. ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’ म्हटल्यावर तो तुमच्या वडिलांचा चुलतभाऊ की तुमच्या चुलतभावाचा मुलगा, हे कळतच नाही. आपण एकाला चुलतकाका म्हणतो, दुसऱ्याला चुलतपुतण्या. कोणाला नमस्कार करायचा आणि कोणाचा कान पिळायचा हे नावातच ठरलेलं. इंग्रजीत वयाचा अंदाज पुढच्या वाक्यावरून घ्यावा लागतो. भाषांतर करणाऱ्यांनी तर हा शब्द दिसला की दोन पानं पुढे वाचून यावं.

नुसत्या ‘कझिन’चीही तीच गत. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे राजे ‘कझिन’ होते, हे इतिहासाच्या पुस्तकांत सगळीकडे असतं. जरा उलगडून बघा. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जची आई आणि रशियाच्या झार निकोलसची आई या सख्ख्या बहिणी, म्हणजे ते दोघं मावसभाऊ. जर्मनीच्या कैसर विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची बहीण, म्हणजे कैसर हा जॉर्जचा आतेभाऊ आणि जॉर्ज हा कैसरचा मामेभाऊ. शिवाय झारची बायको अलेक्झांड्रा कैसरची मावसबहीण. एवढा सगळा पसारा इंग्रजीत एका शब्दात कोंबलेला. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये ‘कझिन’शी लग्न केलं, हे वाक्यही असंच मोघम आहे. एमा वेजवूड ही त्याच्या मामाची मुलगी होती, असं म्हटलं की चित्र लगेच स्पष्ट होतं.

गंमत अशी की हा शब्द जन्मतः इतका मोघम नव्हता. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘कोन्सोब्रिनुस’. त्याचा नेमका अर्थ मावसभाऊ! चुलतभावाला लॅटिनमध्ये ‘पात्रुएलिस’ होता, आतेभावाला ‘अमितिनुस’. पुढे हे शब्द मागे पडले आणि मावसभावाचं नाव सगळ्यांना लागलं. त्या ‘कोन्सोब्रिनुस’च्या पोटात बहीण या अर्थाचा ‘सोरोर’ आहे, आणि तो आपल्या संस्कृत ‘स्वसृ’चा सगोत्र. ‘मातृष्वसृ’, म्हणजे आईची बहीण, हिची प्राकृतातून झाली मावशी. तेव्हा कझिन आणि मावशी हे शब्द फार लांबून का होईना, एकमेकांचे नातलग निघतात. व्युत्पत्तीच्या नावाखाली ध्वनिसाम्यावर वाटेल ते ठोकून देणारे खूप असतात, पण हे त्यातलं नाही.

जुन्या इंग्रजीतून भाषांतर करताना आणखी एक खबरदारी. शेक्सपिअरच्या काळात पुतण्या, भाचा, नातू अशा कोणत्याही नातलगाला ‘कझिन’ म्हणत. क्लॉडियस हॅम्लेटला ‘कझिन’ म्हणतो, आणि हॅम्लेट आहे त्याचा सख्खा पुतण्या. तिथे ‘भावा’ असं लिहिलं तर नाटकाचाच घोळ होईल.

राहता राहिलं ‘कझिन ब्रदर’ आणि ‘कझिन सिस्टर’. ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला हे खटकतं, कारण तिकडे कझिन हा भाऊही नव्हे आणि बहीणही नव्हे, वेगळंच नातं. इंग्रजीत बोलताना ही शेपटी गाळावी हे बरं. मराठीत बोलताना तर तिची गरजच नाही. ‘माझी कझिन आली होती’ म्हटलं की क्रियापदच लिंग सांगून मोकळं होतं. ती आतेबहीण की मामेबहीण हे सांगायचा कंटाळा आला असेल तर खुशाल कझिन म्हणा. मी तरी चुलत, आते, मामे, मावस यातलं जे असेल तेच म्हणतो; दोन अक्षरं जास्त लागतात आणि पुढचे चार प्रश्न वाचतात.