डीएमएसओत लाल, पाण्यात ढिम्म: हा रिसेप्टर फ्लोराइड ओळखतोय असं म्हणायचं का?

खंडवा_रोड

नमस्कार. मी इंदूरला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टचा विषय मी स्वतः मागून घेतला. एनएसएसच्या शिबिराला आम्ही झाबुआकडच्या एका गावात गेलो होतो, तिथे शाळेतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे पाहिले. पाणी हँडपंपाचं, फ्लोराइड जास्त असलेलं. आमच्या घरी नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यामुळे फ्लोराइड हा शब्द मी पुस्तकाबाहेर कधी ऐकलाच नव्हता. तेव्हापासून मनात आहे की दोन थेंब टाकले, रंग बदलला आणि कळलं, असं काहीतरी त्या लोकांच्या हातात द्यावं.

माझा रिसेप्टर, म्हणजे आयनाला धरणारा रेणू, असा: ऑर्थो-फिनिलीनडायअमीनच्या दोन्ही अमीनांवर पॅरा-नायट्रोफिनाइल आयसोथायोसायनेट जोडलं. म्हणजे शेजारी शेजारी दोन थायोयुरिया आणि चार एनएच (नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन). एनएमआर आणि मास दोन्ही स्वच्छ आहेत. डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकातलं ५० मायक्रोमोलार द्रावण फिकट पिवळं दिसतं. टीबीएएफ (डीएमएसओत विरघळणारा फ्लोराइडचा क्षार) टाकलं की डोळ्यांदेखत लालसर नारिंगी होतं. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, नायट्रेट टाकून पाहिले, काही फरक नाही. अ‍ॅसिटेटने थोडा रंग येतो, डायहायड्रोजन फॉस्फेटने त्याहून कमी. जॉब प्लॉट (रेणू आणि आयन कुठल्या प्रमाणात जुळतात ते दाखवणारा आलेख) १:१ सांगतो. पण फ्लोराइड थोडा थोडा वाढवत काढलेला टायट्रेशनचा वक्र एक सममूल्याजवळ, म्हणजे रेणूइतकाच फ्लोराइड झाला की, सपाट होऊ लागतो आणि पुढे पुन्हा चढतो, ते मला पटत नाहीये.

नंतर त्याच कुपीत थोडं पाणी घातलं आणि रंग गेला. सोडियम फ्लोराइडचं पाण्यातलं द्रावण घातलं तर रंग येतच नाही.

माझा रेणू फ्लोराइडला धरतोय की दुसरंच काही चाललंय? आणि पाण्यात चालायला रचनेत काय बदलावं? कार्बन-हायड्रोजन विश्लेषणापासून सगळं तपासून घेतलंय, रेणूबद्दल शंका नाही.

---

लोकमान्यनगर_केमिस्ट

वक्र पटत नाही म्हणालीस तिथेच उत्तर आहे, म्हणून आधी तेच घेते. मी बडोद्याला संशोधन केलं, नंतर इंदूरला शिकवत आले, आणि आयन रिसेप्टरच्या प्रोजेक्टमध्ये याच जागी घोडं अडलेलं मी वारंवार पाहिलंय.

डीएमएसओमध्ये फ्लोराइड चांगलाच जबरदस्त बेस असतो. पाण्यात त्याच्याभोवती रेणूंचं कडं असतं, ते इथे नाही. पहिला फ्लोराइड येतो आणि तुझ्या एनएचना हायड्रोजन-बंधाने धरतो. दुसरा आला की तो सरळ एक प्रोटॉन ओढून नेतो आणि बायफ्लोराइड (दोन फ्लोरीनमध्ये एक प्रोटॉन) तयार होतं. त्यातला हायड्रोजन-बंध माहीत असलेल्या सगळ्यात बळकट बंधांपैकी एक, त्यामुळे फ्लोराइडला हा सौदा फायद्याचा पडतो. मागे राहतो तो तुझ्या रेणूचा ऋणायन. त्याचा ऋणभार नायट्रो गटापर्यंत पसरतो, आणि तुला दिसतो तो लालसर रंग मुख्यतः त्याचाच. वक्र दुसऱ्यांदा चढतो तो यामुळे. पाविया विद्यापीठात लुइजी फाब्रित्सी यांच्या गटाने २००४ मध्ये दोन नायट्रोफिनाइल असलेल्या साध्या युरियावर हे दोन टप्पे वेगवेगळे करून दाखवले आहेत. तुझा तर थायोयुरिया आहे. डीएमएसओत युरियाचा पीकेए (जितका कमी तितका प्रोटॉन सहज सुटतो) २७ च्या आसपास, थायोयुरियाचा २१ च्या आसपास. त्यावर पॅरा-नायट्रोफिनाइल म्हणजे प्रोटॉन आणखी सैल झाला.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तपास. डीएमएसओ-डी६ (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं डीएमएसओ) मध्ये प्रोटॉन एनएमआर टायट्रेशन लाव आणि स्पेक्ट्रमची खिडकी १८ पीपीएमपर्यंत उघडी ठेव. बरेच जण १२ ला थांबतात आणि नेमकी बातमी हुकते. आधी एनएचचे सिग्नल रुंद होत डावीकडे सरकतील आणि मग नाहीसे होतील. पुढे १६ पीपीएमच्या आसपास १:२:१ चा त्रिक (तीन रेघांचा सिग्नल) उगवला, कपलिंग म्हणजे रेघांमधलं अंतर १२० हर्ट्झच्या घरात, तर ते बायफ्लोराइड. दोन फ्लोरीनच्या मधोमध एक प्रोटॉन, म्हणून त्रिक. नायट्रोफिनाइलच्या प्रोटॉनांवरही नजर ठेव. ऋणभार वलयात शिरला की ते उजवीकडे सरकतात. दुसरी कसोटी त्याहून सोपी: फ्लोराइडऐवजी टेट्राब्युटाइलअमोनियम हायड्रॉक्साइड (टीबीएओएच) टाक. यूव्ही-व्हिजिबलमध्ये हुबेहूब तोच नवा पट्टा आला, तर रंग फ्लोराइडचा नाही, प्रोटॉन गेल्याचा.

जॉब प्लॉटवर भिस्त ठेवू नकोस. दोन समतोल एकत्र असले की तो खुशाल १:१ दाखवतो. हिबर्ट आणि थॉर्डरसन यांनी २०१६ मध्ये सुप्रामॉलिक्युलर कामापुरता त्याचा निकालच लावला. सगळ्या तरंगलांबींचा डेटा एकत्र घेऊन १:१ आणि १:२ दोन्ही मॉडेल बसव, आणि उरलेल्या फरकांचा आलेख बघ. फरक शून्याभोवती विस्कळीत विखुरले तर मॉडेल ठीक. लाटेसारखे वर-खाली गेले तर मॉडेल चुकलं.

अ‍ॅसिटेटचं नवल वाटू देऊ नकोस. ऑर्थो-फिनिलीनडायअमीनवरचे बिस-युरिया कार्बोक्झिलेटला (अ‍ॅसिटेट त्यातलाच) घट्ट धरतात, फिलिप गेल यांच्या गटाने ते २००५ मध्ये स्फटिकरचनेसकट दाखवलंय. चार एनएच कार्बोक्झिलेटच्या दोन ऑक्सिजनांकडे वळतात. तुझा सांगाडा मुळात त्या पाहुण्यासाठी (धरल्या जाणाऱ्या आयनासाठी) चांगला आहे, हे हाताशी ठेव.

पाण्याबद्दल रात्री लिहिते, ते नीट लिहायला हवं.

---

लोकमान्यनगर_केमिस्ट

पाण्याकडे वळते.

पोकळीचं माप पाहुण्याशी जुळलं की काम झालं, अशी समजूत क्राउन ईथरच्या (धातूचे आयन धरणाऱ्या कड्यासारख्या रेणूंच्या) धड्यातून येते. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथर जाहीर केले, १८-क्राउन-६ मध्ये पोटॅशियम नेमका बसतो, आणि १९८७ चं नोबेल पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना मिळालं. हे सगळं खरं. पण त्याच १८-क्राउन-६ चा पोटॅशियमसाठीचा स्थिरांक (किती घट्ट धरतो त्याचं माप) मिथेनॉलमध्ये १० चा सहावा घात आणि पाण्यात जेमतेम दुसरा घात आहे. रेणू तोच, आयन तोच, माप तेच. चार शून्यं पाण्याने खाल्ली.

फ्लोराइडचं याहून कठीण. पोटॅशियमची त्रिज्या १.३८ अँगस्ट्रॉम, फ्लोराइडची १.३३, म्हणजे आकाराने जवळजवळ सारखेच. पण पाण्याची पकड पोटॅशियमवर सुमारे २९५ किलोज्यूल प्रतिमोल आणि फ्लोराइडवर सुमारे ४६५. क्लोराइडवर ३४०. पाण्यातून फ्लोराइड काढायचा तर आधी ही किंमत मोजावी लागते, आणि चार एनएच ती मोजू शकत नाहीत, कारण पाण्याचे रेणूही त्याला हायड्रोजन-बंधच देतात आणि ते लिटरमागे ५५ मोल हजर असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हिशेब. संश्लेषणाला हात लावण्याआधी हा कागदावर व्हायला हवा. आपल्या बीआयएसच्या आयएस १०५०० मध्ये फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जागतिक आरोग्य संघटनेचीही १.५. त्याला १९ ने भाग: सुमारे ७९ मायक्रोमोलार. एवढ्या फ्लोराइडला तुझ्या रिसेप्टरचे अर्धे रेणू भरायचे असतील तर स्थिरांक १२,००० च्या पुढे हवा, आणि तोही पाण्यात. स्थिरांक १०० असला तर शंभरातला एक रेणूही भरत नाही, मग रंग कुठून दिसणार? आणि त्या पाण्यात फ्लोराइड एकटा नसतो. समजा बायकार्बोनेट लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५ मिलिमोलार, फ्लोराइडच्या साठपटींहून जास्त. नुसती फ्लोराइडची आवड पुरत नाही, बायकार्बोनेटची नावड शेकडो पटींनी हवी. रिसेप्टरची रचना करताना निम्मी अक्कल कोणाला नाकारायचं यावर खर्च करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

मग रस्ते काय? एक म्हणजे हायड्रोजन-बंध सोडून लुइस आम्लाकडे (इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणाऱ्या अणूकडे) जायचं. बोरॉन आणि फ्लोरीन यांचं जमतं. टेक्सासमध्ये फ्रँसवा गाबाई यांच्या गटाने बोरेनजवळ फॉस्फोनियमसारखा धनभार बसवला, पुढे अँटिमनीही वापरलं. धनभारामुळे फ्लोराइडची ओढ इतकी वाढते की पाण्यातही तो हाती लागतो. दुसरा रस्ता म्हणजे रिसेप्टर पाण्यात विरघळवायचाच नाही, पडद्यात किंवा मायसेलमध्ये (साबणासारख्या रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यात) ठेवायचा. रुग्णालयात रक्तातलं पोटॅशियम मोजतात ते असंच, पीव्हीसीच्या पडद्यात पोटॅशियमला धरणारं व्हॅलिनोमायसिन. रक्तात सोडियम १४० मिलिमोलार आणि पोटॅशियम ४, तरी इलेक्ट्रोड पोटॅशियमच सांगतो, कारण सोडियमला नाकारण्याची ताकद १०,००० पटींच्या घरात आहे. तिसरा, सिलिकॉन-ऑक्सिजन बंध असा ठेवायचा की फ्लोराइड तो तोडेल आणि मोकळा झालेला रंगद्रव्याचा रेणू चमकेल. हे परत न फिरणारं काम आहे, रिसेप्टर म्हणण्यापेक्षा अभिक्रियाच, आणि पाण्यात बहुधा संथ चालतं. पण एकदाच वापरायच्या पट्टीला ते चालू शकतं.

तुझ्या हातात वेळ एक सेमिस्टर. दुसरा रस्ता धर.

---

पाणी_तपासणी

मी धार-झाबुआ भागातल्या पाण्याचे नमुने तपासतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सध्याची किट्स रिसेप्टरवर चालत नाहीत. झिर्कोनियम आणि रंगद्रव्य यांचं लालसर संयुग असतं, फ्लोराइड त्यातला झिर्कोनियम पळवतो आणि रंग फिका पडतो. लॅबमध्ये स्पॅड्न्स पद्धत तीच, ५७० नॅनोमीटरला वाचन. नाहीतर लँथनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड, १९६६ पासून आहे आणि अजून त्याला तोड नाही. नमुन्यात टिसॅब (पीएच आणि आयनांचं प्रमाण स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच ५ ते ५.५ ला आणायचा, नाहीतर हायड्रॉक्साइड घोळ घालतो आणि अ‍ॅल्युमिनियमने धरून ठेवलेला फ्लोराइड मोजलाच जात नाही.

दुसरं, जिथे फ्लोराइड जास्त तिथलं पाणी बहुधा कमी कॅल्शियमचं, जास्त सोडियम-बायकार्बोनेटचं आणि ८ च्या आसपास पीएचचं निघतं. कॅल्शियम भरपूर असता तर फ्लोराइड त्याच्याबरोबर खाली बसला असता. त्यामुळे तुझ्या रेणूचा प्रोटॉन पीएच ८ ला सुटत असेल, तर फ्लोराइड असो नसो, प्रत्येक हँडपंपावर लाल रंग येईल. आणि नमुने पॉलिथिनच्या बाटलीत ने, काचेच्या नको.

---

खंडवा_रोड

मॅडम, दादा, मनापासून आभार. आज विंडो १८ पीपीएमपर्यंत उघडून एनएमआर घेतला. २ सममूल्यांपर्यंत काही नाही, ४ ला १६.१ जवळ रुंद उंचवटा आला आणि ६ ला त्यातून त्रिक स्पष्ट झाला. मध्ये एक रेघ उंच, दोन बाजूंना बुटक्या. नायट्रोफिनाइलचे दोन्ही डब्लेट (दोन रेघांचे सिग्नल) उजवीकडे सरकले. पहिल्या अर्ध्या सममूल्यापर्यंत मात्र एनएच डावीकडे जातात आणि रंग जवळपास तसाच राहतो, म्हणजे थोडा वेळ खरंच धरतोय.

आता विचार असा: नायट्रो काढून टाकायचा, थायोयुरियाऐवजी युरिया घ्यायचा, म्हणजे प्रोटॉन घट्ट राहील. मग रंग दाखवायला दुसरं काही लागेल. की फ्लोराइडचा हट्ट सोडून याच सांगाड्यावर कार्बोक्झिलेटचं काम करू? आणि हायड्रॉक्साइडच्या कसोटीसाठी आमच्याकडे मिथेनॉलमधलं एक मोलार टीबीएओएच आहे, ते चालेल ना?

---

लोकमान्यनगर_केमिस्ट

शाबास. हा स्पेक्ट्रम प्रबंधात पानभर मोठा लाव. पहिल्या अर्ध्या सममूल्यापर्यंत बंध आणि पुढे प्रोटॉन-हस्तांतर, असं दोन टप्प्यांत लिहिलंस तर ‘फ्लोराइडचा निवडक सेन्सर’ या मथळ्यापेक्षा ते कितीतरी भक्कम काम होईल. गाइडना आधी आलेख दाखव, मग बोल.

युरियाचा विचार बरोबर. पण पाण्यात फ्लोराइडसाठी हा सांगाडा पुरणार नाही, वरचा हिशेब तुझ्याकडे आहेच. माझं ऐकशील तर या सेमिस्टरला युरिया बनव आणि अ‍ॅसिटेट-बेंझोएटसाठी डीएमएसओमध्ये ०.५ टक्का पाणी ठेवून स्थिरांक काढ. मग पाणी ५, १०, २५ टक्के करत जा आणि स्थिरांक कसा पडतो ते नोंदव. पाणी किती टक्क्यांना काय हिरावून घेतं हे स्वतःच्या आकड्यांत दिसलं की पुढच्या रेणूची रचना तुला आपोआप सुचायला लागेल. झाबुआचं काम बोरॉनवाल्या रेणूने पीएच.डी.त कर. ते सोडू नकोस असं मी आग्रहाने म्हणेन.

मिथेनॉलमधलं टीबीएओएच नको. मिथेनॉल स्वतः हायड्रोजन-बंध देतं आणि दोन मायक्रोलिटरमध्येही तुझ्या ५० मायक्रोमोलार रेणूच्या कितीतरी पट जातं, मग रंग आला नाही तर कशामुळे ते कळणार नाही. ३० रेणू पाण्याचं स्फटिकरूप टीबीएओएच मिळतं, ते घे. तेवढंच पाणी फ्लोराइडच्या कुपीतही घाल आणि रिकाम्या कुपीतही. टीबीएएफ हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा बाटली डेसिकेटरमध्ये ठेव आणि वजन झटपट कर. दमट दिवस असेल तर त्या दिवशी टायट्रेशन नकोच.