मदत हवी आहे: रस्टमध्ये स्ट्रक्ट मूव्ह होतोय, किती ठिकाणी क्लोन करू?

मंडळी, रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय. सरावाला पुण्यातल्या बसथांब्यांचा स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीचा प्रकार, केला. त्यात अक्षांश-रेखांश, म्हणजे दोन एफ६४ (दशांश संख्या) होते तोवर कॉपी (आपोआप होणारी नक्कल) आणि क्लोन (सांगून करायची नक्कल) डिराइव्ह करून, म्हणजे कंपायलरकडूनच लिहून घेऊन, भागत होतं. मग नावासाठी स्ट्रिंग (मजकूर) घातली आणि कंपायलर रुसला, कॉपी लावूच देईना. कॉपी काढलं, तर फंक्शनला थांबा दिल्यावर पुढच्याच ओळीत प्रिंट करताना एरर ई०३८२: व्हॅल्यू मूव्ह झाली, म्हणजे तिची मालकी फंक्शनकडे गेली म्हणे. कारण कळतं, हीपवरच्या (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेल्या मेमरीतल्या) एका मजकुराला दोन मालक झाले तर मेमरी दोनदा मोकळी होईल. सध्या जिथे तिथे क्लोन ठोकलंय, पण ‘डेक्कन जिमखाना’ दहादा नव्याने हीपवर उतरतं, ते काही पटत नाही. फंक्शनला रेफरन्स (मालकी न देता, उसना) देईन हो, पण तोच थांबा तीन मार्गांच्या व्हेक्टरमध्ये (यादीत) हवाय. तिथे तुम्ही आरसी (एकाच व्हॅल्यूला अनेक मालक देऊन त्यांची मोजणी ठेवणारा पॉइंटर) वापरता, की सगळे थांबे एका व्हेक्टरमध्ये आणि मार्गांत नुसते इंडेक्स (क्रमांक)?